सात शाळांची दोरी

ती. वन्सं यांना धाकट्या भावजयीचा नमस्कार.

आम्ही इथं बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल असं धरून चालते, कारण नसलात तरी तुम्ही ते कोणाला कळू देणार नाही. गेल्या पत्रात भाऊजींच्या कंबरेबद्दल तुम्ही 'ठीक' एवढा एकच शब्द लिहिला होतात. त्यावरून तुमच्या बंधूंनी कंबर पूर्ण बरी झाली असा अर्थ काढला, मी ऑपरेशन ठरलं असा काढला, आणि आमचं त्यावर दोन दिवस वाजलं. उभा जन्म हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढलेल्या बाईकडून घरातल्या दुखण्याची बातमी काढणं माझ्या आवाक्यातलं नाही, हे मी आता मान्य केलं आहे. तुमच्या बंधूंची तब्येत उत्तम. दिवसभर दुकानात लोकांना चष्मे लावून देतात आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा शोधतात. (तो बहुतेक वेळा डोक्यावर असतो. मी सांगत नाही. संध्याकाळची तेवढीच करमणूक.)

पत्र कशासाठी लिहिते आहे ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही जागच्या जागी 'नाही' म्हणाल, पत्राची घडी घालून उशीखाली ठेवाल, आणि मधली सगळी हकिकत फुकट जाईल. ती फुकट जाता कामा नये, कारण ती तुमचीच आहे. तेव्हा चहा करून घ्या, चष्मा लावा आणि निवांत बसा.

आपल्या सात हायस्कुलांच्या लीगला यंदा पन्नास वर्षं होताहेत. म्हणजे तुम्ही ज्या वर्षी फ्रॉकची कड कमरेत खोचून धावलात, त्या वर्षापासून पन्नास. त्यानिमित्त लीगचा इतिहास छापायचा असं कमिटीनं ठरवलं. तो लिहायला आधी आमच्या शाळेतल्या भाषेच्या सरांना सांगितलं, पण ते गेली बारा वर्षं स्वतःची कादंबरी लिहीत असल्यामुळे त्यांना दुसरं काही लिहिता येत नाही. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, माझ्या जन्मानंतर जे घडलं त्याला मी इतिहास मानत नाही. मग उरला भूगोल, म्हणजे मी. शिवाय मी स्वतः लीगची जुनी विक्रमवीर, पुढच्या वर्षी निवृत्त होणार, आणि 'नाही' म्हणायला जरा वेळ लावणारी. कमिटीचे अध्यक्ष आपले दातांचे डॉक्टर. तुम्ही त्यांना ओळखत नसाल, ते आपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी शाळेत आले. मुलांच्या शंभर मीटरचा विक्रम त्यांच्या नावावर होता, आणि छाती पुढे काढून फीत तोडतानाचा त्यांचा फोटो दवाखान्यात अशा जागी लावलेला आहे की, खुर्चीत आडवं पडून तोंड उघडलेल्या माणसाला दुसरं काही दिसूच शकत नाही. मी तो फोटो तीन दाढांच्या वेळी पाहिला आहे.

तर मी इतिहास लिहायला घेतला. सुरुवात तुमच्या त्या शिट्टी सरांपासून. (खरं नाव मला सगळ्या गावात कोणी सांगू शकलं नाही. त्यांच्या मुलीनंसुद्धा आधी 'शिट्टी सर' असंच म्हटलं.) सात शाळांच्या सात हेडमास्तरांना त्यांनी एका बाकावर बसवलं, म्हणूनच लीग सुरू झाली, आणि ते सात जण पुन्हा कधीच एका बाकावर बसले नाहीत, म्हणून ती वाढली. चौथ्या वर्षी दोन शाळांचं फुटबॉलच्या गोलाच्या खांबावरून बिनसलं. खांब कोणाचा, यावर दोन्हीकडून पत्रं गेली, आणि सामना एकाच गोलवर खेळवावा लागला. दोन्ही संघ एकाच बाजूला हल्ला करत होते, बचावाला कोणी नव्हतं, आणि निकाल अठरा-अठरा असा बरोबरीत लागला. असे प्रसंग पुष्कळ आहेत, पुस्तक छापून आलं की वाचाल. पण या सगळ्या इतिहासाचा कणा म्हणजे धावण्याचे विक्रम. भालाफेकीत आपण वर-खाली झालो, व्हॉलीबॉलमध्ये तर खालीच गेलो, पण शंभर मीटरमध्ये आमची प्रगती एकदाही थांबली नाही. दर दोन-तीन वर्षांनी मुलांचा नाहीतर मुलींचा नवा विक्रम. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा वेगवान. मी आलेख काढला तर रेघ अशी सुरेख उतरत गेली की, मी तो स्टाफरूममध्ये लावला. बक्षीस समारंभांत पाहुण्यांनी याचं श्रेय कधी दुधाला, कधी शिस्तीला, कधी नव्या इमारतीला दिलेलं आहे. एका पाहुण्यांनी ते स्वतःलाच दिलं होतं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आपली मुलं आपल्या भागाबाहेरच्या मोठ्या स्पर्धांना गेली की हरत. तीही एका ठराविक पद्धतीनं हरत. सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढे, लोक उठून उभे, आणि अगदी शेवटच्या काही पावलांत मागून दोघं-तिघं येऊन पुढे निघून जात. पन्नास वर्षं हेच. एका मुलीनं तर फीत अजून पुढे असताना दोन्ही हात वर केले होते, आणि हात वर करूनच ती पाचवी आली. यावर कमिटीनं काय काय केलं ते मला इतिहासात एक सबंध प्रकरण भरून लिहावं लागलं. मुलांचा चहा बंद केला. जिन्यावरून पळवलं. श्वासाचे व्यायाम आणले. शेवटी मनाचा कणखरपणा शिकवणारे एक गृहस्थ शहरातून बोलावले. त्यांनी मुलांना डोळे मिटून शेवटची रेषा नजरेसमोर आणायला सांगितली. मुलांनी ती आणली, आणि वन्सं, तिथंच तर सगळी गोची होती, पण हे तेव्हा कोणाला कळायचं. बाहेरच्या स्पर्धेत नंबर काढून आलेली लीगमधली एकच मुलगी, तिसऱ्या नंबराचं पदक घेऊन आलेली, आणि ती तुम्ही. त्या वर्षी स्पर्धक कमी असतील, नशीब असेल, असं सगळेच म्हणत आले. मीही पहिल्या कच्च्या खर्ड्यात तसंच लिहिलं होतं.

आता दोरीकडे येते. तुम्हाला आठवत असेल, शिट्टी सरांनी पहिल्या वर्षी एक चांगली जाड सुती दोरी आणली होती, पंचवीस मीटरची. ती चार वेळा टाकली की शंभर. हीच दोरी सातही शाळांची. ज्या शाळेत त्या वर्षीच्या स्पर्धा असतील तिथं ती जायची, तिनं मैदान आखायचं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेला द्यायची. देतानाही साधी नाही द्यायची. दोन्ही हेडमास्तर उभे, बँड, टाळ्या, मग एक भाषण. गोल गुंडाळलेली ती पांढरीशुभ्र दोरी थाळ्यात ठेवून द्यायची. मी स्वतः दोनदा तो थाळा धरला आहे आणि डोळे भरून आलेले आहेत.

इतिहासात आपल्या मैदानाचा एक नकाशा असावा असं माझ्या भूगोली डोक्यात आलं. आठवीच्या वर्गाला नवी स्टीलची टेप दिली आणि मैदान मोजून आणायला पाठवलं. मुलांनी धावपट्टी मोजून आणली: चौऱ्याण्णव मीटर. मी त्यांना वेड्यात काढलं, टेप कशी ताणायची यावर अर्धा तास बोलले आणि परत पाठवलं. पुन्हा चौऱ्याण्णव. मग मी स्वतः गेले, आणि भूगोलात तीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या पूर्ण आत्मविश्वासानं टेप टाकली. चौऱ्याण्णवच. मुलं काही बोलली नाहीत. आठवीची मुलं काही बोलत नाहीत तेव्हा फार बोचतं.

घरी येऊन मी दोरी मोजायचं ठरवलं. यंदा ती आमच्याच शाळेकडे आहे, त्यामुळे मी ती पिशवीत घालून आणली. पण पंचवीस मीटर लांब खोली कोणाच्या घरात असते? म्हणून आमच्या गल्लीत दोरी पसरली. एक टोक मी धरलं, दुसरं तुमच्या बंधूंना दिलं आणि ताणून धरा म्हटलं. त्यांनी धरलं. तेवढ्यात दूधवाला सायकलवरून आला, त्याला दोरी दिसली नाही, दोरीला तो दिसला, आणि किटल्या, सायकल आणि दूधवाला असे तिघं तीन दिशांना गेले. सगळी गल्ली दारात जमली. कोणी विचारलं, काय चाललंय, तर तुमचे बंधू शांतपणे म्हणाले, "हिचं मोजमाप." त्यावर शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई लगबगीनं आपली टेप घेऊन मदतीला आल्या, तो आणखी वेगळा गोंधळ. दूधवाल्याच्या गुडघ्याला औषध लावलं, त्याला चहा पाजला, आणि त्याच्याच हातात तिसरा कोपरा देऊन (दोरीला तिसरा कोपरा नसतो, पण त्याला काहीतरी धरायला हवं होतं) दोरी पुन्हा मोजली. साडेतेवीस मीटर. म्हणजे दीड मीटर कमी. चार वेळा टाकली की सहा. तुमचे बंधू दोरी गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाले, "ताई म्हणाली होती." आणि चष्मा शोधायला आत गेले.

दोरी कमी कशी झाली याचा शोध घ्यायला मी सातही शाळा पालथ्या घातल्या. मला वाटलं होतं, लोक लपवतील, खोटं बोलतील. उलट, वन्सं, सगळ्यांनी अभिमानानं सांगितलं. आपल्याकडे कोणाची वस्तू परत करायची तर ती आहे तशी करायची नसते, हे तर तुम्हीच मला शिकवलंत. सासूबाई तर शेजारणीचं पातेलं तिनं दिलं त्याच्यापेक्षा लख्ख करून पाठवायच्या. लीगनं हेच केलं. दर वर्षी दोरी पुढच्या शाळेला देण्याआधी धुतली. पहिल्या शाळेनं साध्या पाण्यानं धुतली, तर दुसरीला वाटलं आपण मागे का, म्हणून तिनं गरम पाण्यानं. मुलींच्या शाळेत गृहविज्ञानाच्या बाईंनी ती सोडा घालून उकळली. नदीपलीकडच्या शाळेत नीळ घालायची पद्धत निघाली, आणि मग खळ घालायची. त्यांच्या शिपायानं मला सांगितलं की, आमच्या वेळी दोरी अशी कडक व्हायची की नुसती उभी राहायची. शिवाय धुऊन धुऊन टोकं सुटायची. विस्कटलेल्या टोकाची दोरी द्यायची म्हणजे शोभा, म्हणून प्रत्येक शाळा टोक 'थोडंसंच' कापून नवी गाठ मारायची. त्या सगळ्या थोडंसंचची बेरीज कोणी केली नाही. पन्नास वर्षं सात शाळा एकमेकींशी सभ्यपणे वागल्या आणि शंभर मीटरमधले सहा मीटर त्यात गेले.

म्हणजे आमचा तो सुरेख उतरता आलेख हा मुलांच्या वेगाचा नव्हता. तो धुण्याचा होता. मी स्टाफरूममधून तो काढून आणला आणि कपाटाच्या मागे ठेवला.

मग राहिलं एकच काम. पहिल्या वर्षी ती दोरी खरी होती की तेव्हाच खोटी? आमच्या मैदानाच्या कडेला, झाडाखालच्या गवतात, एक चौकोनी दगड आहे. शिट्टी सरांनी पहिल्या वर्षी सुरुवातीची रेषा म्हणून तो पुरला होता. आठव्या वर्षी स्पर्धा पुन्हा आपल्याकडे आल्या आणि दोरी त्या दगडापर्यंत पोचेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून असा निर्णय घेतला की दगड चुकीच्या जागी आहे. (दोरीवर संशय घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. ती इतकी स्वच्छ होती.) तेव्हापासून त्यावर शिपाई बसून विडी ओढतो. मी शिपायाला उठवलं आणि त्या दगडापासून शेवटच्या रेषेपर्यंत टेप टाकली. बरोबर शंभर. आठवीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी, काय सांगू, तिथंच दगडावर बसले.

कारण माझं वर्ष नववं. माझ्या वर्षी स्पर्धा मुलींच्या शाळेत होत्या, आणि त्यांनी कौतुकानं सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही रेषा सिमेंटनं पक्क्या केल्या होत्या. त्या अजून आहेत. मी जाऊन मोजल्या. साडेशहाण्णव. म्हणजे तुमचा विक्रम मी मोडला तो साडेतीन मीटर कमी धावून, आणि तोही निसटता. तुम्ही इतक्या जोरात धावला होतात की, दोरी दर वर्षी आटत असूनसुद्धा तुम्हाला गाठायला लीगला आठ वर्षं लागली.

त्या दिवशी तुम्ही नर्सिंगच्या सुट्टीत आला होतात आणि शर्यत पाहायला दोरीच्या कडेला उभ्या होतात. माझं नाव पुकारल्यावर तुम्ही धावपट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात आणि मामंजींना म्हणालात की, हे अंतर कमी आहे. मामंजी चारचौघांत म्हणाले, हरणंही शिकावं माणसानं. सगळे हसले. मीही हसले, मी सोळा वर्षांची होते आणि जिंकले होते. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. ज्या मुलीनं तुमचा विक्रम मोडला ती मुलगी तुमच्याच घरात सून म्हणून आली, तिचा कप दर्शनी कपाटात गेला, तुमचा कप चमचे ठेवायला स्वयंपाकघरात गेला, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात माझी ओळख 'हिनं आमच्या ताईला हरवलं' अशी करून दिली गेली, तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहून पाहुण्यांना चहा दिलात. मला फार वाईट वाटतंय, वन्सं. हे सरळच लिहिते, कारण फोनवर मला ते बोलता आलं नाही. मी तीनदा फोन केला आणि तीनदा भाऊजींच्या कंबरेची चौकशी करून ठेवला. तुम्ही खरं बोलला होतात. त्या वेळी एकानं जरी टेप आणली असती तर.

(आणि आमचं लग्न. तुमचे बंधू माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते त्या विक्रमाबद्दल अभिनंदन करायला. म्हणजे या घरातला माझा सगळा संसार, दोन मुलं आणि ते दुकानाचं दुसरं दालन, साडेतीन मीटरच्या चुकीवर उभं आहे. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग दोरीचे आभार मान.)

हे सगळं मी इतिहासात लिहिलं आणि कमिटीपुढे ठेवलं. मीटिंग विज्ञानाच्या प्रयोगशाळेत झाली, कारण स्टाफरूमला रंग देताहेत. मला सांगाड्याशेजारचं स्टूल मिळालं. वाचून झालं. मग सातही शाळांतले आजी-माजी विक्रमवीर एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं टेप खोटी. दुसरी टेप आणली, तिनंही तेच सांगितलं, तर म्हणाले दोन्ही एकाच कंपनीच्या असतील. दातांचे डॉक्टर म्हणाले, मॅडम, प्रकरण छान लिहिलंय, पण पन्नास वर्षांच्या आनंदात कशाला मिठाचा खडा, ते एवढं काढून टाकू. मुलींच्या शाळेच्या हेडबाईंनी त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग सुचवला: आपण 'शंभर मीटर' हा शब्दच गाळू आणि सगळीकडे 'चार दोऱ्या' असं लिहू. चार दोऱ्यांचा विक्रम. हे सगळ्यांना इतकं पटलं की ठराव मांडायला हात वर गेले. मी विचारलं, कोणत्या वर्षीच्या दोऱ्या? हात हळूहळू खाली आले.

मग मी उभी राहिले. मी म्हटलं, खोडायचं तर पहिलं माझं नाव खोडा. मी माझ्या नणंदेच्या विक्रमावर एकेचाळीस वर्षं मिरवले आहे, आणि मला ती जागा तिला परत द्यायची आहे. ती परत दिली नाही तर इतिहास तुमचा तुम्ही लिहा, मी माझी पानं घेऊन घरी जाते. (भाषेचे सर घाबरून माझ्या पानांवर हातच ठेवून बसले. त्यांना वाटलं आता आपल्याला लिहावं लागेल.) डॉक्टरांनी चेहरा पाडून हळूच विचारलं, मग दवाखान्यातल्या फोटोचं काय करू? मी म्हटलं, फोटो राहू द्या, फक्त खाली अंतर लिहा. ते तसेच उठून गेले. पण माणूस मनाचा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच मैदानावर गेले आणि दगडापासून धावले. शाळा भरायच्या आधी मला फोन आला, अजून धापा टाकत होते. म्हणाले, "शेवटचे सहा मीटर फारच लांब आहेत हो मॅडम. छापा तुमचं प्रकरण."

तर ते छापलं जातंय. मुलांची पहिल्या वर्षीची शर्यत शिट्टी सरांनी रद्दच केली होती (तीनदा शिट्टीच्या आधीच सगळे पळाले म्हणून), आणि दुसऱ्या वर्षीपासून दोरी आटायला लागली. त्यामुळे लीगच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात पूर्ण शंभर मीटर धावून जिंकलेली एकच व्यक्ती आहे, आणि पहिल्या पानावर तिचं नाव आणि फोटो असेल. बाकी आम्ही सगळे पुढच्या पानांवर, ज्याच्या त्याच्या अंतरासकट. घरातला तुमचा कप मी चमचे काढून घासला आणि दर्शनी कपाटात मधोमध ठेवला. माझा स्वयंपाकघरात आहे. चमचे त्यातही छान राहतात.

मला याचं काही दुःख नाही, हे तुम्ही खरं माना. माझ्या वयाला आता कसली आलीय चढाओढ. दोन पायऱ्या चढले की गुडघा बोलतो, निवृत्ती दारात उभी आहे, आणि पहिलं कोण, दुसरं कोण, हे प्रश्न माझ्या मनातून केव्हाच गेले. तुमची जागा तुम्हाला मिळाली यातच मी भरून पावले. भाऊजींना नमस्कार सांगा, आणि कंबरेबद्दल या वेळी निदान दोन शब्द लिहा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून तुम्ही यावं असं कमिटीनं एकमतानं ठरवलं आहे. औपचारिक पत्र डॉक्टर वेगळं पाठवतील. भाषण केलं नाहीत तरी चालेल, तुम्ही एकदा त्या दगडाजवळ उभ्या राहिलात तरी आम्हाला पुरे.

ता. क. २. पत्राचं कारण राहिलंच. समारंभात जुन्या विक्रमवीर बायकांची एक शर्यत ठेवली आहे. ती ठेवण्याची सूचना कोणाची ते विचारू नका. पूर्ण शंभर मीटर, स्टीलच्या टेपनं मोजलेलं, दोन हेडबाई आणि एक दंतवैद्य यांच्या साक्षीनं. त्यात मी तुमचं आणि माझं नाव घालून मोकळी झाले आहे. तुम्ही रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारता हे मला भाऊजींनी सांगितलं आहे, तेव्हा वयाचं कारण चालणार नाही. बूट घेऊन या. मी गेला महिनाभर पहाटे मैदानावर जाते आहे (गुडघ्याबद्दल वर लिहिलं ते फारसं मनावर घेऊ नका). मला तुम्हाला एकदा खरोखरचं हरवायचं आहे. आणि ते नाही जमलं तर खरोखरचं हरायचं आहे. पण तुम्ही नसताना पहिली येण्याचा मला आता कंटाळा आला आहे, वन्सं.

ता. क. ३. (हे माझं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे.) ताई, ये. ही रोज पहाटे पळते, मी बाकावर बसून बघतो. तू आरामात जिंकशील, पण हिला सांगू नकोस. त्या दिवशी मुलींच्या शाळेत मीही होतो. अंतर मलाही कमीच वाटलं होतं. तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं, पण मी हिच्याकडे बघत राहिलो.